ॲप, बारकोड आणि चेहरा : सातारा-सांगलीहून विमान पकडणाऱ्यांसाठी

लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, चेहरा ओळखून उघडणारं ई-गेट उघडलं नाही की माणूस आधी मशीनला बोल लावतो. मशीन बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक झालेली असते तीन आठवड्यांपूर्वी, पोवई नाक्यावर किंवा विश्रामबागेत एजंटाच्या टेबलाशी बसून तिकीट काढताना.

विमानतळावरची यंत्रणा नवीन काही विचारत नाही. तिकिटावरचं नाव, बोर्डिंग पासवरचा बारकोड आणि ओळखपत्रावरचा फोटो या तीन गोष्टी ती एकमेकींशी ताडून बघते. ताळा जुळला तर पाच सेकंदांत दार उघडतं, नाहीतर जवान बाजूच्या रांगेकडे बोट दाखवतो. हा ताळा घरबसल्या जुळवता येतो. पुण्यात राहणाऱ्याचं काही अडलं तर तो घरी जाऊन कागद घेऊन येऊ शकतो. साताऱ्याहून १२० किलोमीटर आणि सांगलीहून सुमारे २३५ किलोमीटर आलेल्याला ती सोय नाही.

तिकीट काढताना

नावापासून सुरुवात करू. तिकिटाच्या फॉर्मवर नावाचे खाने दोन, आणि आपलं नाव तीन शब्दांचं. पहिल्या खान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव घाला, दुसऱ्यात फक्त आडनाव. बँकेच्या सवयीने आडनाव आधी लिहिलं की तिकिटावर 'सुनील' आडनाव होऊन बसतं. साध्या रांगेतला जवान हे समजून घेतो, चेहऱ्याने आत सोडणारं 'डिजी यात्रा' ॲप समजून घेत नाही. देशांतर्गत प्रवासात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा. परदेशी जाताना पासपोर्टवरचं उतरवा. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या नावाने राहिलेलं असेल, तर तिकीट कोणत्या कार्डावर काढलं ते लिहून ठेवा आणि तेच कार्ड पिशवीत घाला.

छापलेल्या बोर्डिंग पासवर नाव अर्धवट दिसलं तर घाबरू नका. बारकोडच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात नावाला २० अक्षरांचीच जागा आहे. 'ज्ञानेश्वर पांडुरंग घोरपडे' हे नाव इंग्रजीत मांडलं तर आडनाव, तिरकी रेघ आणि 'ज्ञानेश्वर' यांतच २० अक्षरं भरतात. पांडुरंग बाहेरच राहतो. ही चूक नाही. 'सुनील'च्या स्पेलिंगमध्ये 'आय'ऐवजी दोन 'ई' पडले असतील तर मात्र ती चूक आहे. विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं असेल, तर २४ तासांच्या आत कळवल्यास त्याच माणसाच्या नावातली दुरुस्ती विनाशुल्क होते. म्हणून तिकीट हातात आल्याबरोबर ते मोठ्याने वाचून ओळखपत्राशी पडताळा. प्रवासाच्या आदल्या रात्री वाचून उपयोग नाही.

मोबाईल नंबरची चूक यापेक्षा महागात पडते. आपल्याकडे बरीच तिकिटं एजंटाकडून निघतात आणि बुकिंगमध्ये नंबर, ईमेल एजंटाचे जातात. विमान तासभर अलीकडे आलं, टर्मिनल बदललं, उड्डाण रद्द झालं, तर मेसेज जातो एजंटाला. तो तेव्हा झोपलेला असतो किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत असतो. इथे नियमातला एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बुकिंगच्या वेळी पुरेशी संपर्क माहिती दिलेली नसेल, तर विमान रद्द झाल्यावर मिळणाऱ्या नुकसानभरपाईवर प्रवाशाचा हक्क राहत नाही, असं विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत म्हटलं आहे. तेव्हा एजंटाला आधीच बजावा की नंबर प्रवाशाचाच टाकायचा. तिकीट निघून गेलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव घालून बुकिंग उघडा आणि संपर्क तपशील बदला. पीएनआर म्हणजे सहा अक्षर-अंकांचा संकेत. एजंटाच्या पावतीवरचा लांबलचक बुकिंग क्रमांक वेगळा असतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो चालत नाही.

आता विमानतळाचं नाव नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून मुंबईचे विमानतळ दोन झाले आहेत. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबईचा. एक्स्प्रेसवेने येताना नवी मुंबई अलीकडे पडते आणि साताऱ्याच्या प्रवाशाला सोयीची आहे, पण चुकून दुसऱ्या विमानतळावर पोचलात तर मधे खाडी आणि मुंबईची वाहतूक आहे. जुन्या विमानतळावर पुन्हा टर्मिनल १ आणि टर्मिनल २ रस्त्याने एकमेकांपासून लांब आहेत. कोल्हापूरचा संकेत 'केएलएच', पुण्याचा 'पीएनक्यू'. सांगलीकरांनी तिकीट शोधताना उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, आधी बघावी. जेमतेम ५० किलोमीटरचा रस्ता आहे, उड्डाणं मोजकी असली तरी पहाटेचा घाट वाचतो.

तारखेचा घोळही आपल्याकडे हमखास होतो. पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, तिकिटातला मध्यरात्री १२ वाजता. '१५ तारीख, ००.४०' असं लिहिलं असेल तर घरातून १४ तारखेला दुपारी निघायचं असतं. परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. त्यामुळे हा घोळ आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आईवडिलांच्या वाट्याला जास्त येतो. कॅलेंडरवर खूण करताना विमानाच्या वेळेवर न करता घरातून निघण्याच्या वेळेवर करा.

वेब चेक-इन

इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या कंपन्या देशांतर्गत उड्डाणासाठी ४८ तास आधी वेब चेक-इन (ऑनलाइन हजेरी लावून बोर्डिंग पास घेण्याची सोय) उघडतात आणि सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात. आदल्या संध्याकाळी घरच्या वायफायवर हे उरकून टाका. खंबाटकीत रेंज शोधत बसायची ही कामं नव्हेत.

सीट निवडायचं पान आलं की बऱ्याच जणांना वाटतं, पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. पानाच्या खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात 'स्किप'सारखं बटण बारीक अक्षरात असतं. ते दाबलं की यंत्रणा उरलेल्यांतली एक सीट फुकट देते. नवरा-बायको वेगवेगळ्या रांगांत गेले तरी चालणार असेल तर पैसे भरू नका. लहान मूल किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर भरा. आयत्या वेळी शेजारच्याला उठवण्याची भीड पडते.

वेब चेक-इन जमलंच नाही तर काउंटर आहेच. काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी जादा पैसे घेऊ नयेत, असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे.

हाती आलेल्या पासचा फोटो 'चाललो गोव्याला' म्हणून स्टेटसला ठेवू नका. त्यावरच्या बारकोडच्या चौकोनात नाव, पीएनआर, उड्डाण क्रमांक आणि सीट सगळं असतं. फोनवरचं साधं बारकोड ॲप ते वाचू शकतं. पीएनआर आणि आडनाव हाती असलेला कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो.

डिजी यात्रा

चेहरा दाखवून आत जायची ही सोय १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली. पुण्यात ती मार्च २०२३ अखेर आली, मुंबईत त्याच वर्षी नंतर. ती फक्त देशांतर्गत प्रवासासाठी आहे, फुकट आहे आणि ऐच्छिक आहे. कोणी 'हे घेतलंच पाहिजे' म्हणाला तर ते खरं नाही. तुम्ही ज्या विमानतळावरून निघणार आणि ज्यावरून परतणार, ते दोन्ही ॲपमधल्या यादीत आहेत का ते आधी बघा. जाताना चेहरा चालला म्हणून येतानाही चालेलच असं नाही.

तयारी निदान आठवडाभर आधी करा, कारण अडकणारी जागा पहिल्याच पायरीवर असते.

१. ॲप उतरवताना प्रकाशक म्हणून 'डिजी यात्रा फाउंडेशन' हेच नाव आहे ना ते पाहा. फोनमध्ये २०२३ सालचं जुनं ॲप पडून असेल तर काढून टाका. २०२४ मध्ये ॲप बदललं आहे.

२. मोबाईल नंबर घालून ओटीपीने नोंदणी करा.

३. डिजीलॉकरमार्फत आधारची माहिती जोडा. इथे दुसरा ओटीपी येतो, तोही आधारला जोडलेल्या नंबरवर. घरातल्या वडीलधाऱ्यांचं आधार दहा वर्षांपूर्वीच्या, आता बंद पडलेल्या नंबरला जोडलेलं असतं, आणि सगळं तिथेच थांबतं. यावर घरबसल्या युक्ती शोधत बसू नका. आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या आणि त्याला काही दिवस लागतात हे धरून चाला.

४. सेल्फी. उजेड तोंडावर पडेल असं खिडकीकडे तोंड करून उभे राहा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा येतो. चष्म्यावर चमक येत असेल तर तो काढा. टोपीची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडते, तेव्हा गांधी टोपीही क्षणभर हातात घ्या. हा फोटो आधारवरच्या फोटोशी जुळवला जातो. आधारवरचा फोटो पहिल्या शिबिरातला, धुरकट असेल तर चारदा प्रयत्न करूनही जुळणार नाही. केंद्रावर नवा फोटो काढून घेणं हाच त्यावर इलाज.

५. वेब चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पास ॲपमध्ये घाला आणि मग 'शेअर' करा.

पाचव्या पायरीतला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. पास ॲपमध्ये दिसतोय म्हणजे झालं, असं वाटतं. पण तो विमानतळाकडे पाठवल्याशिवाय ई-गेटला तुमचा पत्ताच नसतो. ओळखीची माहिती तुमच्या फोनमध्ये राहते. प्रत्येक प्रवासासाठी तुम्ही ती त्या विमानतळाला पाठवता आणि विमान सुटल्यावर २४ तासांत तिथून ती पुसली जाते, अशी या यंत्रणेची रचना आहे. म्हणूनच मागच्या महिन्यात चाललं म्हणून या महिन्यात आपोआप चालत नाही. दर वेळी नवा पास, दर वेळी शेअर.

ई-गेटवर आधी बारकोड, मग चेहरा. फोनचा उजेड पूर्ण वाढवा, काचेपासून चार बोटं अंतर ठेवून पडदा स्थिर धरा. काचेला चिकटवला तर वाचक यंत्राला कडा दिसत नाहीत. टेम्पर्ड ग्लास तडकलेली असेल तर त्या रेषा बारकोडच्या चौकोनांत मिसळतात, अशा वेळी पडद्यावरचं चित्र थोडं मोठं किंवा बाजूला करून बघा. जमिनीवरच्या पावलांच्या खुणेवर उभे राहा, गॉगल आणि मास्क काढा, कॅमेऱ्याकडे बघा. दोनदा जमलं नाही तर वाद न घालता साध्या रांगेत जा. मूळ ओळखपत्र खिशात असेल तर पाच मिनिटांचाच फरक पडतो. बरोबर लहान मुलं असतील तर आधीपासूनच साधी रांग धरलेली बरी. आई पलीकडे आणि मूल अलीकडे, असा प्रसंग दारात नको.

चेहऱ्याने रांग चुकते ती दाराशी आणि सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी. अंगझडती आणि बॅगेचा एक्स-रे सर्वांनाच आहे.

फोन की कागद

एका फोनमध्ये पाच जणांचे पास, ही आपल्या कुटुंबांची आवडती व्यवस्था. ती सुरक्षा तपासणीपर्यंत ठीक चालते. तिथे फोन ट्रेमध्ये घालून एक्स-रे यंत्रात जातो, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला वळतात, आणि नेमका तेव्हाच पलीकडचा जवान सासूबाईंकडे पास मागतो. फोन पट्ट्यावर, मुलगा दुसऱ्या रांगेत. म्हणून ज्याच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन नाही त्याला कागदी पास द्या. झेरॉक्सच्या दुकानात ए-४ कागदावर छापला तरी चालतो. घडी बारकोडवर पडू देऊ नका आणि स्टेपलर मारू नका. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांनीही पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, आयत्या वेळी ॲप पुन्हा लॉगिन मागतं आणि ओटीपी येत नाही.

ओळखपत्राच्या बाबतीत स्क्रीनशॉट चालत नाही. एमआधार किंवा डिजीलॉकर ॲप उघडून दाखवलेलं आधार चालतं. व्हॉट्सॲपवर आलेला कार्डाचा फोटो जवान नाकारतो, आणि त्याचं बरोबर असतं. मूळ कार्ड बाळगणं सर्वांत सोपं. आईवडिलांबरोबर असलेल्या अल्पवयीन मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला ठेवा. बाळाच्या तिकिटाचा दर वयावरून ठरतो आणि कंपनी पुरावा मागते.

घरातून कधी निघायचं

उलटी मोजणी करा. विमान ११ वाजता असेल तर देशांतर्गत काउंटर साधारण १० वाजता बंद होतो आणि बोर्डिंगचं दार १०.३५ च्या सुमाराला. काउंटरवर बॅग द्यायची असेल तर ९ वाजता विमानतळावर हवं. साताऱ्याहून लोहगाव तीन तास, त्यावर कात्रज आणि शहरातल्या वाहतुकीसाठी एक तास, म्हणजे पहाटे ५ ला निघायचं. सांगलीहून पेठनाक्यामार्गे जाणाऱ्याने त्याच विमानासाठी ३ ला. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे तोंड करून निघणाऱ्यांनी आणखी एक तास धरावा. तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर या नाक्यांसाठी फास्टॅगमधली शिल्लक आदल्या दिवशी बघा.

एसटीने येणाऱ्यांनी स्वारगेटची गाडी घ्यावी. बाह्यवळणाने वाकडकडे जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स विमानतळापासून लांब सोडतात. स्वारगेटहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून वनाझ-रामवाडी मार्गिका पकडा आणि रामवाडीला उतरा. तिथून विमानतळ रिक्षाने जवळ आहे. रात्री ११ नंतर मेट्रो नसते.

निघण्याआधी विमान कुठे आहे ते बघायची सवय लावा. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये उड्डाण क्रमांक घातला की त्या फेरीसाठी ठरलेलं विमान बऱ्याचदा दिसतं. त्याचा 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाबला की ते आत्ता कुठल्या शहरात आहे ते कळतं. दिल्लीहून पुण्याला येणारं विमान अजून दिल्लीतच उभं असेल, तर पडद्यावर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी तुमचं विमान उशिरा सुटणार. मात्र यावर विसंबून घरातून उशिरा निघू नका. कंपनीने अधिकृतपणे वेळ बदललेली नसेल तर काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होतो, आणि आयत्या वेळी दुसरं विमान लावलं जाऊ शकतं. या माहितीचा उपयोग एवढाच की चहा निवांत प्यावा.

आत गेल्यावर पडद्यावर लक्ष ठेवा. मुंबईसह अनेक विमानतळांवर प्रत्येक उड्डाणाची घोषणा आता होत नाही. एसटी स्टँडवरच्या भोंग्याची सवय असलेला माणूस नाव पुकारण्याची वाट बघत बसतो आणि विमान निघून जातं. पासवर छापलेलं गेटही बदलू शकतं.

बॅग

हातातली बॅग एकच, बहुतेक कंपन्यांत ७ किलोपर्यंत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या (चेक-इन) बॅगेची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते, बऱ्याच स्वस्त तिकिटांत १५ किलो. घरी वजन करताना आधी स्वतःचं, मग बॅग हातात घेऊन, आणि वजाबाकी. काट्यावर मर्यादेपेक्षा अर्धा किलो कमीच ठेवा.

पॉवर बँक हातातल्याच बॅगेत. तो पोटातल्या बॅगेत सापडला तर बॅग यंत्रावर अडते आणि उघडण्यासाठी तुम्हाला शोधलं जातं. शोधायचं कसं, तर पीएनआरमधल्या नंबरवर फोन करून. तो नंबर एजंटाचा असेल तर काय होतं ते सांगायला नको. लायटर पोटातल्या बॅगेत सापडला तरी हेच होतं. पॉवर बँक १०० वॅट-तासांपर्यंत चालतो. वर वॅट-तास लिहिलेले नसतील तर एमएएचला ३.७ ने गुणून १००० ने भागा. २०,००० एमएएचचा ७४ येतो, म्हणजे चालतो. ३०,००० चा १११ येतो, त्याला कंपनीची परवानगी लागते. छापील आकडे पुसून गेले असतील तर जवान तो ठेवून घेऊ शकतो. विमानात तो वापरू नका.

खाऊचं थोडं सविस्तर सांगायला हवं. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधले हिरवट दिसतात. कंदी पेढ्यांचा किंवा बेदाण्यांचा दोन किलोचा घट्ट खोका म्हणजे पडद्यावर एक दाट नारिंगी ठोकळा. त्यामागे काय आहे ते दिसत नाही, म्हणून बॅग उघडायला लावतात. संशय तुमच्यावर नसतो, पेढ्यांच्या घनतेवर असतो. खोके एकावर एक न रचता पसरून ठेवा, लॅपटॉप आणि चार्जर त्यांच्यापासून वेगळे काढा, खोक्याला दहा गाठी मारू नका. सांगलीची हळद मूळ पाकिटातच ठेवा. घरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली पिवळी पूड जास्त प्रश्न ओढवून घेते. भडंग हलकं, त्याला काही अडचण नाही. लोणचं, तेल, चटणी पोटातल्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इन बॅगेत चालत नाहीत. तेलकट खोबरं आपोआप तापू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे.

मुंबईसारख्या विमानतळांवर यंत्रावर आपणच पट्टी छापून, आपणच बॅग पट्ट्यावर ठेवायची सोय असते. तिथे सर्वांत जास्त अडतं ते मागच्या प्रवासाच्या जुन्या पट्टीमुळे. यंत्राला दोन बारकोड दिसतात आणि ते बॅग परत ढकलतं. म्हणून घरीच जुन्या पट्ट्या, बारीक चिकट तुकड्यांसकट, काढा. नवी पट्टी मुठीतून ओवून दोन्ही टोकं एकावर एक नीट चिकटवा, बारकोड सपाट राहू द्या. दोन बॅगा असतील तर एकीला पट्टी लावून झाल्याशिवाय दुसरीची छापू नका, अदलाबदल तिथेच होते. बॅग आडवी ठेवा, लोंबणारे पट्टे आत खोचा. शेवटी निघणारा छोटा तुकडा जपून ठेवा. त्यावरच्या दहा अंकी क्रमांकातल्या पहिल्या अंकानंतरचे तीन अंक कंपनीचे असतात, इंडिगोचे ३१२, एअर इंडियाचे ०९८. उरलेले सहा तुमच्या बॅगेचे.

आईवडील मुलाकडे परदेशी निघाले असतील तर

व्हीलचेअर तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी मागा आणि तिचा प्रकार नीट सांगा. जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, त्याला 'डब्ल्यूसीएचआर'. जिने चढता येत नाहीत, त्याला 'डब्ल्यूसीएचएस'. अजिबात चालता येत नाही, त्याला 'डब्ल्यूसीएचसी'. एजंट सवयीने पहिला प्रकार टाकतो आणि मग शिडीपाशी अडचण होते.

वर्षातून दोनदा ये-जा करणाऱ्यांसाठी एफटीआय-टीटीपी ही सरकारी योजना उपयोगाची आहे. भारतीय पासपोर्टधारकांना इमिग्रेशनच्या रांगेऐवजी ई-गेट मिळतं. दिल्लीत ती जून २०२४ मध्ये सुरू झाली, मुंबईत १६ जानेवारी २०२५ रोजी. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करायचा असतो, शुल्क नाही. अर्ज मंजूर झाल्यावर बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा द्यावा लागतो, तो विमानतळावर किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल तोवर चालते. हयातीत एकदाच जाणार असाल तर ही यातायात नको. डिजी यात्रेचा आणि या योजनेचा एकमेकांशी संबंध नाही, एकातली नोंदणी दुसरीकडे लागू होत नाही.

थायलंड, मलेशिया, सिंगापूरच्या सहलीला जाणाऱ्यांना पोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्या देशाचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. तिन्ही सरकारी कार्डं फुकट आहेत. गुगलवर वर दिसणारं आणि कार्डासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. कंपनीचा ग्राहकसेवा नंबरही गुगलवर न शोधता तिच्या ॲपमधून घ्या. बोलताना कोणी स्क्रीन शेअर करायचं ॲप उतरवायला सांगितलं की फोन ठेवून द्या.

विमान लांबलं किंवा रद्द झालं तर

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते, त्याहून लांबच्या उड्डाणांना तीन ते चार तासांनंतर. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. आयत्या वेळी रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल तर भरपाई आहे. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ, संप यांना ती लागू नाही. पडद्याचा वेळेसकट फोटो काढा आणि आलेले मेसेज पुसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तिथे दाद लागली नाही तर तो तक्रार क्रमांक घेऊन सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर जा.

उतरल्यावर

पुण्यात ॲपवरून बोलावलेली टॅक्सी समोरच्या एरोमॉलमधून घ्यावी लागते, दाराशी येत नाही. गावाकडून घ्यायला येणाऱ्यालाही तेच सांगून ठेवा. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे, तिथले फोटो-व्हिडिओ काढू नका.

बॅग पट्ट्यावर आली नाही किंवा फुटून आली, तर दाराबाहेर पडण्याआधी कंपनीच्या टेबलावर जाऊन पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा अहवाल, लिहून घ्या. बाहेर पडून आनेवाडीला पोचल्यावर आठवलं तर बाजू लंगडी पडते. पीआयआरचा क्रमांक विमानतळाच्या संकेताने सुरू होतो, त्यावर बॅगेचा माग ऑनलाइन काढता येतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीचा लेखी दावा सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेचा २१ दिवसांत करायचा असतो. सापडलेली बॅग कंपनी घरी पाठवते, तेव्हा पत्ता लिहिताना नुसतं 'मु. पो.' आणि गाव लिहून थांबू नका. तालुका, पिनकोड, जवळची ठळक खूण आणि चालू असलेले दोन मोबाईल नंबर लिहा, त्यांतला एक घरी दिवसभर असणाऱ्या माणसाचा.